भ्रूणाचं गुणपत्रक आणि उद्याच्या जाती

प्रश्न विचारणारं जोडपं पुण्याचं आहे. वय पस्तिशीच्या आसपास, आयव्हीएफ सुरू आहे. न्यू जर्सीत राहणाऱ्या दिरांनी त्यांना सांगितलं की तिकडे भ्रूणाचा डीएनए तपासून उंची, बुद्धी, मधुमेहाची शक्यता असे आकडे काढून देतात, आणि पुढे जनुकं बदलूनही मिळणार आहेत. त्यावरून त्यांनी दोन गोष्टी विचारल्या आहेत. हे केलं नाही तर आमचं मूल मागे पडेल का? आणि पुढच्या दोन-तीन पिढ्यांत ‘सुधारलेली’ माणसं आणि ‘साधी’ माणसं असे दोन वर्ग खरोखर पडतील का?

पहिल्याचं उत्तर सरळ आहे: नाही पडणार. दुसऱ्याचं मात्र ‘पडू शकतात’ असं द्यावं लागेल. फक्त लोकांच्या डोळ्यांसमोर जे चित्र असतं, की प्रयोगशाळेतून अतिमानवांची एक तुकडी बाहेर पडेल आणि बाकीच्यांवर राज्य करेल, तसं ते घडणार नाही. मी वीसेक वर्षं नागपुरात जनुकीय समुपदेशन करते. माझ्यासमोर बसणारी बहुतेक कुटुंबं सिकलसेलची किंवा थॅलेसेमियाची, म्हणजे आईवडिलांकडून येणाऱ्या रक्ताच्या आजारांची. जनुकातल्या एका अक्षराच्या फरकावरून माणसं एकमेकांना कसं दूर लोटतात, हे त्या कामात रोज दिसतं. माझं मत त्यातून बनलं आहे: जनुक फरक निर्माण करतं, पण त्या फरकाची भिंत लग्न बांधतं.

आधी त्या गुणपत्रकाचं बघू. अमेरिकेत ऑर्किड, न्यूक्लियस, हेरासाइट अशा कंपन्या ही सेवा विकतात. ऑर्किडचा दर एका भ्रूणामागे सुमारे २,५०० डॉलर, न्यूक्लियसने २०२५ मध्ये ५,९९९ डॉलरचं पॅकेज काढलं, हेरासाइटचा आकडा ५०,००० डॉलरपर्यंत जातो. आयव्हीएफचा खर्च वेगळा. एवढं मोजून हातात काय येतं? उंची किंवा बुद्ध्यांक एखाद-दुसऱ्या जनुकावर ठरत नाही, डीएनएमधल्या हजारो ठिकाणचे बारीक फरक मिळून ठरतो. २०२२ मध्ये ‘नेचर’मध्ये आलेल्या एका अभ्यासात ५४ लाख माणसांची माहिती वापरून उंचीशी संबंधित १२,१११ जागा सापडल्या. अशा सगळ्या जागांची बेरीज करून भ्रूणाला एक आकडा देतात. २०१९ मध्ये ‘सेल’ या नियतकालिकात या आकड्याचा व्यवहारात किती उपयोग होतो याचा हिशोब आला. दहा भ्रूण हाताशी आहेत आणि त्यातला सर्वांत वरच्या आकड्याचा निवडला, असं धरलं तर सरासरीच्या तुलनेत उंचीत साधारण अडीच सेंटिमीटर आणि बुद्ध्यांकात साधारण अडीच गुण वाढ मिळते. त्याच अभ्यासात मोठ्या झालेल्या, भरपूर भावंडं असलेल्या २८ कुटुंबांकडे बघितलं. सर्वांत चांगला आकडा असलेलं भावंडच प्रत्यक्षात सर्वांत उंच निघालं, असं फक्त पाव कुटुंबांत घडलं.

दहा भ्रूण हा हिशोबाच्या सोयीचा आकडा आहे. पस्तिशीतल्या बाईला आयव्हीएफच्या एका फेरीत रुजवण्याजोगे दोन-तीन मिळाले तरी क्लिनिकमध्ये सगळ्यांचे चेहरे खुलतात. दोन-तीनांतून निवड करायची म्हटली की ते अडीच गुणही राहत नाहीत. त्यातही ही गणितं मुख्यतः युरोपीय वंशाच्या लोकांच्या माहितीवर बसवलेली आहेत. उंचीचं तेच गणित युरोपीय वंशाच्या लोकांतल्या फरकाचा ४० टक्के भाग सांगू शकतं, इतर वंशांत ते १० ते २० टक्क्यांच्या आसपास येतं. म्हणजे दिरांच्या शेजारच्या गोऱ्या कुटुंबाला जे विकलं जातं तेच, त्याच किमतीला, तुम्हाला जेमतेम निम्म्या दर्जाचं मिळेल. शिक्षणाच्या आकड्याची आणखी एक गंमत आहे. आईवडिलांकडे पुस्तकं, पैसा, वेळ असतो, त्यांची जनुकंही मुलात येतात, आणि गणित दोन्हींचं श्रेय जनुकांच्या खात्यावर टाकतं. एकाच घरातल्या भावंडांची तुलना केली की त्या आकड्याचा परिणाम जवळजवळ निम्म्यावर येतो.

तुलनेसाठी एक जुनी गोष्ट सांगते. ज्या भागात आयोडीनची तीव्र कमतरता असते तिथल्या मुलांचा बुद्ध्यांक इतरांपेक्षा सरासरी दहा-बारा गुणांनी कमी सापडलेला आहे. त्यावर उपाय म्हणजे आयोडीनचं मीठ. आणि पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रात पाच वर्षांखालच्या ३५.२ टक्के मुलांची उंची वयाच्या मानाने खुंटलेली आहे. अडीच सेंटिमीटरसाठी हजारो डॉलर मोजायच्या चर्चेत हा आकडा कुणी काढत नाही, म्हणून मी काढते.

तर तंत्र आज कमकुवत आहे. पण कमकुवत तंत्र समाजात फूट पाडू शकत नाही, असं समजू नका. सोनोग्राफीने एकही जनुक बदललं नव्हतं.

हा इतिहास आपल्याच राज्यातला आहे, म्हणून थोडं थांबून सांगते. गर्भजलपरीक्षा आपल्याकडे १९७० च्या दशकात आली ती जनुकीय व्यंग ओळखण्यासाठी. थोड्याच काळात तिचा उपयोग मुलगी ओळखून ती पाडण्यासाठी होऊ लागला. सरकारी रुग्णालयांत त्यावर बंदी आल्यावर धंदा खासगीत गेला. आज काही शे रुपये खर्च करा, उद्याचा हुंडा वाचवा, अशा अर्थाच्या जाहिराती उघड लागायच्या. मुंबईतल्या स्त्री-संघटना, डॉक्टर आणि कार्यकर्त्यांनी लढा दिला आणि १९८८ मध्ये महाराष्ट्राने देशातला पहिला कायदा केला. केंद्राचा कायदा १९९४ चा. २००३ मध्ये त्यात दुरुस्ती होऊन गर्भधारणेपूर्वीची लिंगनिवडही त्याच्या कक्षेत आली.

आता आकडे कसे सरकले ते बघा. २००१ च्या जनगणनेत शून्य ते सहा वयोगटात हजार मुलांमागे मुली कोल्हापूर जिल्ह्यात ८३९ होत्या. ऊस, दूध, सहकारी बँका, हातात पैसा असलेला जिल्हा. त्याच वेळी दुष्काळी, ऊसतोड्यांच्या बीडमध्ये ८९४ होत्या. दहा वर्षांनी, २०११ मध्ये, बीडचा आकडा ८०७ वर आला, राज्यात सर्वांत खाली. राज्याची सरासरी ९१३ वरून ८९४ झाली. सुरुवात पैसेवाल्यांनी केली. सोनोग्राफीची यंत्रं स्वस्त झाली, गाडीत घालून गावोगाव नेता येऊ लागली, तसं ते खाली झिरपलं. आणि झिरपलं तेव्हा त्याच्यासोबत त्याची प्रतिष्ठाही झिरपली: ‘शिकलेली माणसं करतात ती गोष्ट’.

किंमत कुणी मोजली? ज्यांनी सर्वांत आधी निवड केली त्यांच्या मुलांना बायका मिळाल्या. नोकरी, फ्लॅट, शेती असलेल्याला मुलगी मिळतेच. मिळाली नाही ती कोरडवाहू दोन एकरवाल्याला, कंपनीत कंत्राटावर असलेल्याला. डिसेंबर २०२२ मध्ये सोलापुरात लग्न न जमलेल्या तरुणांनी नवरदेवाच्या वेशात, घोड्यावर बसून जिल्हाधिकारी कार्यालयावर मोर्चा नेला. लोक हसले. पण त्यांच्या मागण्यांत लिंगनिदानाच्या कायद्याची कडक अंमलबजावणी करा, हीसुद्धा होती. एका थरातल्या लोकांनी आपापल्या घरात, खासगीत केलेल्या निवडीचं बिल दुसऱ्या थराच्या पत्त्यावर कसं येतं, याचं याहून स्वच्छ उदाहरण मला माहीत नाही. भ्रूणाच्या गुणपत्रकाविषयी कुणी ‘हा त्या जोडप्याचा वैयक्तिक प्रश्न आहे’ असं म्हणतं तेव्हा मला ते घोडे आठवतात.

आता प्रत्यक्ष जनुकं बदलण्याविषयी. इथे दोन वेगळ्या गोष्टींची सरमिसळ होते. एक, जन्मलेल्या माणसाच्या शरीरातल्या काही पेशींत बदल करणं. तो बदल त्याच्यासोबतच संपतो. दुसरी, भ्रूणात बदल करणं, जो पुढच्या पिढ्यांत जातो. दुसरा प्रकार जगात उघडपणे एकदाच झाला. नोव्हेंबर २०१८ मध्ये चीनमधल्या शेनझेनचे संशोधक ह च्यानक्वे यांनी जाहीर केलं की त्यांनी जुळ्या मुलींच्या भ्रूणांत सीसीआर५ हे जनुक बदललं आहे, एचआयव्हीपासून संरक्षण मिळावं म्हणून. वडील एचआयव्हीबाधित होते, पण शुक्राणू धुऊन वापरण्याची साधी पद्धत असताना याची गरजच नव्हती. बदलही हवा तसा झाला नव्हता. निसर्गात काही लोकांमध्ये आढळणारा संरक्षक बदल एक, आणि या मुलींमध्ये झाला तो भलताच. डिसेंबर २०१९ मध्ये त्यांना तीन वर्षांची कैद आणि ३० लाख युआन दंड झाला. भारतात आयसीएमआर या वैद्यकीय संशोधनाच्या केंद्रीय संस्थेच्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार भ्रूणातला असा बदल निषिद्ध आहे. तरी २०२५ मध्ये अमेरिकेत या कामासाठी नव्या कंपन्या उभ्या राहिल्या, त्यातल्या एकीने ३ कोटी डॉलर जमवले. तेव्हा हा विषय संपलेला नाही.

पहिला प्रकार मात्र प्रत्यक्षात आला आहे, आणि माझ्या रोजच्या कामातल्या आजारावरच आला आहे. सिकलसेलवरचं ‘कॅसजेवी’ हे उपचार ब्रिटनने नोव्हेंबर २०२३ मध्ये आणि अमेरिकेने डिसेंबर २०२३ मध्ये मंजूर केले. रुग्णाच्या रक्त बनवणाऱ्या मूळ पेशी काढायच्या, त्यांच्या जनुकांतला एक स्विच बंद करायचा म्हणजे गर्भात असतानाचं हिमोग्लोबिन पुन्हा बनू लागतं, मग केमोथेरपीने अस्थिमज्जा रिकामी करून त्या पेशी परत सोडायच्या. अमेरिकेतली किंमत २२ लाख डॉलर, म्हणजे १८ कोटी रुपयांच्या वर. रुग्णालयात कित्येक आठवड्यांचा मुक्काम वेगळा.

आणि हा आजार कुणाला होतो? गडचिरोली, चंद्रपूर, नंदुरबार, विदर्भातला आदिवासी आणि बौद्ध समाज. भारतात तो पहिल्यांदा १९५२ मध्ये निलगिरीतल्या आदिवासींमध्ये नोंदवला गेला. जुलै २०२३ मध्ये केंद्राचं सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू झालं, त्यात ७ कोटी लोकांच्या तपासणीचं लक्ष्य आहे. तपासणी होते, कार्ड मिळतं. पण गडचिरोलीत धानोऱ्याकडच्या एखाद्या गावातला एसएस पॅटर्नचा, म्हणजे सिकलसेल जनुकाच्या दोन प्रती असलेला, मुलगा दुखण्याने कळवळत असतो, आणि हे दुखणं कमी वेळा यावं म्हणून रोज घ्यायची हायड्रॉक्सीयुरियाची साधी कॅप्सूल त्या महिन्यात आरोग्य केंद्रात असेलच याची खात्री मी देऊ शकत नाही. भविष्यातल्या दरीबद्दल विचारता, पण ही दरी आजची आहे. एकाच जनुकातला तोच बदल असलेली दोन मुलं आहेत. न्यू जर्सीतल्याचा आजार आता बरा होऊ शकतो आणि गडचिरोलीतल्याला कॅप्सूलची वाट बघावी लागते.

नोव्हेंबर २०२५ मध्ये दिल्लीतल्या सीएसआयआरच्या आयजीआयबी संस्थेने ‘बिरसा १०१’ या नावाने सिकलसेलवरचं देशी क्रिस्पर (जनुकात नेमका बदल करण्याचं तंत्र) उपचारतंत्र जाहीर केलं, आणि ते पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटकडे सोपवलं. मला यातून खरोखर आशा वाटते. लसींच्या बाबतीत आपण किंमत खाली आणून दाखवली आहे. पण मज्जा रिकामी करण्याची सोय असलेली रुग्णालयं वाढली नाहीत तर औषध स्वस्त होऊनही ते नागपूरच्या पुढे जाणार नाही.

‘हे उपचार झाले, आम्ही विचारलं ते सुधारणेबद्दल’ असं तुम्ही म्हणाल. या दोहोंमधली रेघ दिसते तेवढी पक्की नसते. ग्रोथ हार्मोन आधी फक्त ज्या मुलांच्या शरीरात ते बनत नाही त्यांना द्यायचे. २००३ मध्ये अमेरिकेच्या औषध नियंत्रकांनी ते धडधाकट पण बुटक्या मुलांनाही द्यायला मंजुरी दिली, मोठेपणी पुरुष ५ फूट ३ इंचांच्या आणि स्त्री ४ फूट ११ इंचांच्या आत राहील असा अंदाज असेल तर. आजार नाही, फक्त उंची कमी. रेघ सरकली. यापुढची रेघ कोलेस्टेरॉलची असेल असं मला वाटतं. पीसीएसके९ हे जनुक काही लोकांमध्ये जन्मतःच अर्धं बंद असतं. २००६ मध्ये अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय लोकांमध्ये असं आढळलं की अशांना हृदयविकाराचा धोका ८८ टक्क्यांनी कमी असतो. हे जनुक यकृतात एका सलाइनमधून कायमचं बंद करण्याच्या चाचण्या २०२२ पासून माणसांवर सुरू झाल्या आहेत. आधी हे अनुवंशिक उच्च कोलेस्टेरॉलवाल्यांना मिळेल. मग ज्यांचा बाप चाळिशीत हार्टअटॅकने गेला त्यांना. मग ज्याला परवडेल त्याला. आणि चाळिशीत जाणाऱ्या बापांची आपल्याकडे कमतरता नाही. यातली कुठली पायरी उपचाराची आणि कुठली सुधारणेची, हे मला विचाराल तर मी सांगू शकत नाही, आणि सांगता येतं असा दावा करणाऱ्यावर माझा विश्वास बसत नाही.

‘चांगलं जनुक’ ही कल्पनासुद्धा जागा बदलली की बदलते. सिकलसेलचं जनुक एवढ्या लोकांत टिकलं कारण त्याची एकच प्रत असलेल्याला, म्हणजे आम्ही ज्याला एएस म्हणतो त्या वाहकाला, हिवतापापासून संरक्षण मिळतं. जंगलपट्ट्यात, गोळ्या नव्हत्या त्या काळात, ही सुधारणाच होती.

आता लग्नाकडे येते, कारण माझ्या मते सगळं तिथेच ठरेल.

समजा एखाद्या कुटुंबाने पैसे खर्च करून मुलाच्या बुद्ध्यांकात अडीच गुणांची भर घातली. त्या मुलाने सर्वसाधारण मुलीशी लग्न केलं तर त्यांच्या मुलांत सरासरीने त्यातला निम्मा भाग जातो, सव्वा गुण. नातवंडांत त्याच्या निम्मा. एका प्रतीत केलेल्या जनुक-बदलाचंही तसंच, दर पिढीला निम्म्या मुलांत जातो, निम्म्यांत जात नाही. लग्नं मोकळी असतील तर सुधारणा एक-दोन पिढ्यांत सगळ्यांत विरघळून जाते. ती एका गटात साठवून ठेवायची असेल तर दोनच मार्ग आहेत: दर पिढीला पुन्हा पैसे मोजा, किंवा सुधारलेल्यांनी सुधारलेल्यांतच लग्नं करा. दुसरा मार्ग स्वस्त आहे, आणि आपल्याला तो चांगला माहीत आहे.

९ मे १९१६ रोजी कोलंबिया विद्यापीठात पंचवीस वर्षांच्या भीमराव आंबेडकरांनी भारतातल्या जातींवर एक निबंध वाचला. गटाबाहेर लग्नाला बंदी हाच जातीचा गाभा आहे, बाकी सगळं त्याभोवती येतं, असं त्यांनी त्यात मांडलं. शंभर वर्षांनी जनुकशास्त्राने त्याची तारीख काढली. हैदराबादच्या सीसीएमबी या संशोधन संस्थेचे के. थंगराज आणि हार्वर्डचे डेव्हिड राइख यांच्या गटांनी २०१३ मध्ये दाखवलं की साधारण ४,२०० ते १,९०० वर्षांपूर्वीच्या काळात भारतातले लोक एकमेकांत भरपूर मिसळत होते, आणि नंतर ते थांबलं. म्हणजे जवळपास ७० पिढ्या दारं बंद. यातून कुठलीही जात श्रेष्ठ झाली नाही. झालं ते वेगळंच. २०१७ मध्ये त्यांनी दक्षिण आशियातले २६३ गट तपासले. त्यातल्या ८१ गटांत थोड्याच पूर्वजांपासून वाढल्याच्या खुणा अशा खुणांसाठी ओळखल्या जाणाऱ्या फिनलंडच्या लोकांपेक्षा किंवा युरोपातल्या अश्केनाझी ज्यूंपेक्षाही ठळक होत्या, आणि अशा गटांत दुर्मीळ अनुवंशिक आजार वाढतात. आर्य वैश्य समाजातल्या काहींना शस्त्रक्रियेच्या वेळी स्नायू शिथिल करणाऱ्या एका औषधाचा परिणाम धोकादायक इतका वेळ टिकतो, हे त्याचंच उदाहरण. सुधारलेल्यांचा एखादा छोटा गट आपापसांतच लग्नं करू लागला तर काही पिढ्यांनी त्यांचीही मुलं माझ्यासारखीच्या दारात येतील.

जनुकाच्या नावाने लग्नाची दारं बंद होताना मी आजच बघते. विदर्भात सोयरिकीच्या बोलण्यांत सिकलसेलचं कार्ड मागतात. खरं तर दोघंही एएस असतील तरच काळजीची गोष्ट, कारण तेव्हा प्रत्येक गरोदरपणात चारात एक शक्यता एसएस मूल होण्याची असते. एक एएस आणि दुसरा नॉर्मल असेल तर आजारी मूल होतच नाही. हे मी कागदावर चौकोन काढून समजावते, मंडळी माना डोलावतात, आणि नॉर्मल मुलाकडचे लोक एएस मुलीला नकार देतात. मुलगा एएस असेल तर मात्र कार्ड ‘घरी राहिलं’. विज्ञानाने जी रेघ आखलीच नव्हती ती समाजाने आखली, आणि तीही मुलीच्या बाजूला जास्त खोल. पत्रिकेतले छत्तीस गुण मोजायची सवय असलेल्या आपल्याला आणखी एक आकडा मिळाला तर आपण त्याचं काय करू, हे वेगळं सांगायला नको. आकडा खरा आहे की अडीच गुणांचा, याने फरक पडणार नाही. बायोडेटात ‘भ्रूण-तपासणी झालेली’ ही ओळ आली की ती आपोआप ‘चांगल्या घरातली’ असं सांगू लागेल, कारण ती करायला पैसे लागतात. भिंत उभी राहायला जनुकं खरोखर वेगळी असायची गरजच नाही, वेगळी आहेत असा समज पुरतो.

विज्ञानाला असा समज पुरवायला सांगितलं जातं तेव्हा काय करायचं, याचा एक धडा मराठी माणसांना जवळचा आहे. मानववंशशास्त्रज्ञ इरावती कर्वे १९२० च्या दशकाच्या अखेरीस बर्लिनला गेल्या त्या ऑयगेन फिशर यांच्या हाताखाली. संस्थेच्या नावातच सुप्रजाशास्त्र होतं, म्हणजे ‘चांगल्या’ माणसांची पैदास वाढवण्याचं शास्त्र. फिशर यांना अपेक्षा होती की गोऱ्यांच्या कवटीची ठेवण त्यांची श्रेष्ठता दाखवेल. इरावतीबाईंनी कवट्या मोजल्या आणि वंशानुसार तसा काही फरक नाही, असं प्रबंधात लिहिलं. परक्या देशात, गाइडच्या नाकावर टिच्चून. त्याच शास्त्राच्या नावाखाली पुढे जर्मनीत काय झालं ते सर्वांना ठाऊक आहे.

दुसरी भीती मला ‘न निवडलेल्या’ मुलांविषयी वाटते. निवड सर्रास झाली की व्यंग किंवा आजार घेऊन जन्मलेलं मूल हे नशीब राहत नाही, कुणाची तरी चूक ठरतं. आजही थॅलेसेमियाच्या आईला नातेवाईक विचारतात, ‘आधी तपासलं नाहीत का?’ हाच प्रश्न उद्या विमा कंपनी विचारेल. अमेरिकेत २००८ चा कायदा आरोग्यविमा आणि नोकरीत जनुकीय भेदभावाला मनाई करतो, पण आयुर्विमा त्यात येत नाही. आपल्याकडे असा स्वतंत्र कायदाच नाही. २०१८ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने विमा पॉलिसीतून जनुकीय आजार सरसकट वगळणं भेदभावाचं ठरवलं, पण प्रश्न न्यायालयात सोडवत बसण्यापेक्षा संसदेने सोडवलेला बरा.

निवडीपुरता कायदा आपल्याकडे बऱ्यापैकी स्पष्ट आहे, हे मात्र सांगायला हवं. २०२१ च्या एआरटी, म्हणजे साहाय्यित प्रजननाच्या, कायद्यानुसार भ्रूणाची जनुकीय तपासणी फक्त माहीत असलेल्या, अनुवंशिक आजारांसाठीच करता येते. उंची-बुद्धीचे आकडे त्यात बसत नाहीत. लिंगनिवडीला पाच ते दहा वर्षं कैद किंवा १० ते २५ लाख दंड आहे. पळवाट वेगळीकडे आहे: तपासणीतून निघालेली डीएनएची कच्ची माहिती ही एक फाइल असते, आणि फाइल ईमेलने अमेरिकेला जाते. ब्रिटनमध्ये, जिथे गुणांवरून भ्रूण निवडणं बेकायदा आहे, काही जोडप्यांनी अशी माहिती मागून घेऊन तिकडच्या कंपनीकडून आकडे काढून आणले. आपल्याकडेही हे होईल, आणि गरोदर बाईच्या प्रत्येक सोनोग्राफीची नोंद ठेवणाऱ्या एफ फॉर्मसारखा कुठला तरी फॉर्म त्यासाठी निघेल. एफ फॉर्मने सगळं थांबलं नाही, पण कुठल्या सेंटरवर किती झालं याचा माग निघू लागला, हे काही कमी नाही. मला विचाराल तर बंदीपेक्षा नोंदीची मला जास्त गरज वाटते.

आता तुमच्याबद्दल. तुम्ही दोघांनी थॅलेसेमिया आणि सिकलसेलसाठी एचपीएलसी ही रक्ततपासणी करून घ्या, हजाराच्या आसपास खर्च येतो. घराण्यात मतिमंदत्व, स्नायूंचा आजार, वारंवार गर्भपात, लहानपणी गेलेली मुलं असं काही असेल किंवा तुमचं लग्न नात्यातलं असेल, तर वाहक-तपासणीचं मोठं पॅनेल करा. त्यात दोघंही एकाच आजाराचे वाहक निघालात तर त्या आजारापुरती भ्रूणाची तपासणी कायद्यात बसते, ती जरूर करा. तिथे विज्ञान पक्कं आहे. हे काही निघालं नाही तर डॉक्टर निवडतील तो भ्रूण घ्या आणि उंची-बुद्धीच्या आकड्यांचे पैसे बाजूला ठेवा. दिरांना सांगा की ते गणित तुमच्यासाठी बनलेलंच नाही. आणि क्लिनिकच्या संमतीपत्रावर सही करण्याआधी भ्रूणांच्या डीएनएची माहिती कुठल्या लॅबमध्ये, किती काळ राहणार आणि तुमच्या लेखी परवानगीशिवाय कुणाला देणार नाहीत ना, हे विचारून तेवढी ओळ त्यात लिहून घ्या. बहुतेक ठिकाणी ती छापलेली नसते, मागितली तर लिहून देतात.